क्राउसनिकची ओहोटी

आयर्लंडमधल्या डंडॉकच्या एका हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी एक जर्मन म्हातारा तीसेक आयरिश माणसांवर आणि एका मराठी बाईवर खेकसत असतो. म्हाताऱ्याचं नाव वेंडेलिन क्राउसनिक. तो गावच्या कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, संचालक आणि संगीतकार. कॉयरमधले लोक त्याला पाठीमागे ‘वेंडी’ म्हणतात; तिकडे ते बाईचं नाव. हे ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवशी गावाला कॉयर उरणार नाही.

मराठी बाई म्हणजे डॉक्टर स्वरूपा दाभोळे. तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आठवडाभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळायचे आणि मंगळवारी स्वतःच्या श्वासावरून बोलणी खायची, हा तिचा क्रम.

ती साताऱ्याला गाणं शिकलेली. परीक्षा दिलेल्या, बक्षिसं मिळवलेली. आल्टोमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत, ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा क्राउसनिकने मध्येच हात थांबवला.

“आल्टोमध्ये कुणीतरी नवीन आहे. मला तिचा आवाज ऐकू येतोय.”

स्वरूपा लाजून हसली. साताऱ्यात यानंतर कौतुकच व्हायचं.

“तो ऐकू येता कामा नये,” क्राउसनिक म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी भांडी जरा जोरातच आपटली गेली.

“ऐकू येता कामा नये म्हणे! मग गायचं कशाला? सोफ्यावर बसून मनातल्या मनात गाते की!”

“मग सोडून दे,” नवरा अभिजित लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला.

“सोडू? म्हणजे त्या जर्मनाला वाटू दे, मला झेपलं नाही म्हणून?”

दोन वर्षं झाली, तिने सोडलं नव्हतं. मींड घेतली की बोलणी. स्वर जरा आंदोलित केला की, “मॅडम, आपण बोटीत नाही आहोत.” आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे श्वास. क्राउसनिकचा कायदा असा होता की शेजारीण श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. सगळ्यांनी आळीपाळीने, चोरून घ्यायचा. म्हणजे माणसं दमतात पण सूर दमत नाही. पण आयरिश माणसं चहा, हसणं, सांत्वन, सगळं एकदम करतात. ती श्वासही एकदमच घ्यायची, आणि सुराला घोडा जाईल एवढं भगदाड पडायचं.

या माणसाची गोष्टही गंमतशीर आहे. जर्मनीत पाडरबोर्नजवळच्या एका खेड्यात त्याचे वडील खाटीक होते. दुकान बंद झालं की मागच्या खोलीत गावातल्या बाप्यांचा कॉयर चालवायचे. वेंडेलिन सॉसेजच्या वासात चार आवाजांचं गाणं शिकला. पंचविशीत सायकलवरून आयर्लंड बघायला आला, डंडॉकला पावसापासून आडोसा म्हणून एका चर्चमध्ये शिरला, तर आत कॉयर गात होता. बेसूर. पाऊस थांबला तरी त्याला बाहेर पडवेना. हे असं टाकून माणूस पुढे जाईल कसा? तो दुरुस्ती करायला म्हणून थांबला. ती दुरुस्ती अजून चालू आहे. त्यांच्यात सगळ्यात बेसूर गाणारी बर्नडेट होती, तिच्याशी त्याने लग्न केलं.

त्याने कॉयरसाठी खूप लिहिलं. नाताळची गाणी, चर्चच्या उपासनेसाठी एक ‘मास’, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवरच्या कस्टमच्या चौक्या उठल्या तेव्हा एकामागून एक आवाज तीच ओळ उचलतात असा एक खोडकर कॅनन. या गोष्टी कॉयरने आनंदाने गायल्या आणि प्रत्येकीचं शेवटचं कडवं वेळेअभावी गाळलं. त्याची सगळ्यात मोठी रचना म्हणजे ‘खाडी’. तिचे सात भाग. डंडॉकच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी नजर पोचणार नाही इतकं आत जातं आणि ओल्या वाळूवर नुसता उजेड राहतो. बर्नडेट रोज तिथे फिरायची. सातवा भाग ‘ओहोटी’ हा तिचा होता. त्यात शब्द नाहीत. एकच लांब स्वरमेळ, आणि त्यातून एकेक आवाज कमी होत जातो. बर्नडेट वारली, तरी ‘ओहोटी’ लोकांसमोर एकदाही गायली गेली नव्हती. श्वासाचा व्यायाम म्हणून मात्र कॉयर ती दर मंगळवारी घोटायचा.

या वर्षी गावच्या महोत्सवाच्या मीटिंगला क्राउसनिकने जाहीर केलं, “यंदा ‘खाडी’ पूर्ण होईल. सातही भाग.”

कमिटीच्या अध्यक्ष ऊना मॅकिन, निवृत्त मुख्याध्यापिका, चहाची किटली हातात धरून म्हणाल्या, “अगं बाई, वेंडेलिन, किती सुंदर कल्पना! बघू या हं, कसं जमतंय ते.”

बाकीचे म्हणाले, “ग्रँड, ग्रँड.”

क्राउसनिकने सगळ्यांशी हात मिळवले. कॉयरबरोबर आलेल्या स्वरूपाने मात्र कान टवकारले. हा सूर तिच्या ओळखीचा होता. लहानपणी आत्याला बघून गेलेली मंडळी याच सुरात “कळवतो हं” म्हणायची आणि मग वडील गुपचूप दुसरं स्थळ शोधायला लागायचे. आयर्लंडमध्ये तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. साताऱ्याच्या पोरीला हे पहिल्या आठवड्यात कळलं. जर्मन माणसाला अख्ख्या हयातीत कळलं नव्हतं.

गाडीपाशी तिने त्याला गाठलं. “सर, त्या नाही म्हणाल्या.”

“त्या सुंदर म्हणाल्या!”

“तेच ते.”

“मॅडम, माझ्या गावात नाही असेल तर नाही म्हणतात आणि मग बरोबर बिअर पितात. सुंदर म्हणजे सुंदर!”

पोस्टर लागलं. ‘खाडी, निवडक भाग’. त्यानंतर, स्पीकरवरच्या तयार म्युझिकसह, ‘आपल्या तरुणपणीची गाणी’. मंगळवारी हॉलवर क्राउसनिक टोमॅटोसारखा लाल होऊन ऊनाबाईंपुढे उभा राहिला.

“तुम्ही हो म्हणालात!”

“सुंदरच आहे ते! पण लोक कंटाळतात रे. नुसता एक सूर विरत जातो. टाळ्या कधी वाजवायच्या तेच कळत नाही.”

“विरतो, कारण ती ओहोटी आहे!”

“ऊना, मला वाटतं सातवा भाग ठेवायलाच हवा,” स्वरूपा मध्ये पडली.

“थँक्स, बाळा. किती छान मुद्दा मांडलास.”

झालं. म्हणजे त्यावरही पाणी.

क्राउसनिक कॉयरकडे वळला. “कार्यक्रमात सहावा भाग संपला की मी हात खाली घेईन आणि घरी जाईन. कायमचा. त्यानंतरच्या मंगळवारी स्पीकरसमोर उभे राहा. तो कुणावर ओरडत नाही.”

घरी स्वरूपाच्या तोंडाचा पट्टा सुटला. “माणूस आयुष्यभर यांचे सूर सरळ करतोय, आणि यांना टाळ्यांची चिंता! तो खडूस आहे, खवचट आहे, पण...”

“तूच म्हणायचीस ना, हॉरिबल माणूस आहे?”

“तो माझा हॉरिबल माणूस आहे, अभिजित! मी शिव्या देईन. या बायकांनी त्याला ‘सुंदर’ म्हणायचं नाही!”

कार्यक्रमाला चर्च भरलं होतं. ऊनाबाई म्युझिकच्या मशीनपाशी, बोट बटनावर ठेवून सज्ज. सहावा भाग छान झाला. तो ज्या स्वरमेळावर संपतो, तिथूनच ‘ओहोटी’ सुरू होते. क्राउसनिकने हात खाली घेतले. आवाज थांबले.

एक थांबला नाही.

स्वरूपाने आपला सूर सोडलाच नव्हता. साताऱ्याचा गळा, चर्चमध्ये एकटा, सगळ्यांना ऐकू येत होता. क्राउसनिकने दचकून पाहिलं. तिचा श्वास संपत आला होता आणि मान लाल झाली होती. शेजारच्या फिलोमिनाने तिच्याकडे पाहिलं, कोपर मारलं आणि तोच सूर उचलला. स्वरूपाने चोरून श्वास घेतला. मग वरच्या पट्टीतल्या सोप्रानो आल्या, मागून पुरुष आले. क्राउसनिकचे हात आपोआप वर गेले.

ऊनाबाईंचं बोट बटनावर होतं, पण दाबायचं कसं? चारचौघांत गाणाऱ्याला थांबवायचं म्हणजे तोंडावर नाही म्हणणं, आणि ते त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं. त्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

कधी नव्हे ते कुणी एकदम श्वास घेतला नाही. एकेक आवाज निघून गेला, पाणी आत आत गेलं, आणि शेवटी नुसती शांतता उरली. लोक तशाच शांततेत बसून राहिले. टाळ्या कधी वाजवायच्या ते खरोखर कुणालाच कळलं नाही. ऊनाबाईंचं तेवढं बरोबर होतं. मग कुणीतरी नाक शिंकरलं आणि चर्च टाळ्यांनी दणाणलं.

कार्यक्रमानंतर क्राउसनिक तरातरा स्वरूपाकडे आला. डोळे ओले होते आणि भुवया चढलेल्या.

“मॅडम, तुमचा आवाज ऐकू आला.”

“हो, सर.”

“अक्षम्य आहे. मंगळवारी सुधारू.”

तेवढ्यात ऊनाबाई आल्या. “वेंडेलिन, काय अप्रतिम झालं! पुढच्या वर्षी पुन्हा करायलाच हवं. बघू या हं!”

त्या पुढे गेल्या. क्राउसनिक स्वरूपाकडे झुकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “हे काय होतं?”

“ते ‘नाही’ होतं, सर.”

“हलकट बाई!” तो ऊनाबाईंच्या पाठीकडे बघत कडाडला. पहिल्या रांगेतले आजोबा दचकले. “पुढच्या वर्षीसुद्धा तुम्ही तो सूर सोडायचा नाही. समजलं?”

“बघू या,” स्वरूपा म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून तिने घाईघाईने सुधारलं, “हो, सर. हो.”