आमच्या पेंटरच्या खांद्यातला आकडा

माणसानं हुशार असावं, पण आमच्या ह्यांच्याइतकं नसावं. स्वतःच्या हाडाचा निकाल स्वतःच लावून बसले आणि घराला घोर लावला.

आमचे हे म्हणजे संदेश पेंटर. कुसगावात चार बंगले फिरा, त्यातल्या दोनांची छतं ह्यांच्या हातची निघतील. बावीस वर्षं झाली. भिंतीला रंग कुणीही मारतं हो, पण मान मागं टाकून, हात वर धरून दिवसभर छत रंगवायचं, तेही खाली एक थेंब न पाडता, तिथं ह्यांनाच बोलावतात. गेल्या डिसेंबरात एका हॉटेलाची सोळा छतं आठ दिवसांत उरकली आणि उजवा खांदा धरला. शर्ट घालताना ओरडायचे. त्या कुशीवर झोपता येईना.

दवाखान्यात फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "खांद्याच्या वरचं हाड टोकाला खाली वळलंय, आकड्यासारखं. त्याखाली शिरेला जागा कमी पडते." पुढं व्यायामाचं सांगितलं, कागदही दिला. पण ह्यांनी आकड्याच्या पुढचं काही ऐकलंच नाही. शिडीला डबा अडकवायचा लोखंडी आकडा असतो ना, तो हातात घेऊन मला समजावतात, "रेणुका, पॉलिश पेपरनं घासलं की लाकूड झिजतं का नाही? हात हलला की हा शीर घासणार. घासून घासून एक दिवस तोडणार." झालं! हात पोटाशी घेऊन पंचानं बांधला आणि सव्वा महिना सोडला नाही. मी कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ.

पंचा सोडला तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. हात वर गेला नाही तर छतं संपली. हे भिंतीकडं तोंड करून बसायचे. एकदाच बोलले, "आता लोकांची कंपाउंडं रंगवायची." ते ऐकून मी आत जाऊन रडले.

मग ओढतच परत नेलं. डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या तेजलमॅडमकडं पाठवलं. ह्यांनी तिथंही आकड्याची कथा लावली. मॅडमनी फोटोंचं पाकीट मागितलं आणि आतून दोन फोटो काढले. दुसरा डाव्या खांद्याचा होता. ताडून बघायला काढलेला, आणि ह्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"बघा, इथं आकडा आहे का?"

हे चष्मा सावरून बघतात, तर डावा जास्तच वळलेला.

"हा कधी दुखला?"

"नाही. कधीच नाही."

मॅडमनी मग नीट सांगितलं. असं हाड कित्येकांचं असतं, बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. जागा कमी असली की शिरेचा त्रास जरा जास्त दिसतो, ते खरं. पण नुसत्या हाडावरून काही ठरत नाही. ह्यांची शीर दुखावली ती सोळा छतांनी, आणि खांदा आखडला तो पंचानं. "हात हलवा, पण बेतानं. कापाकापीचं आत्ता नावही नको."

मला इतकं हलकं वाटलं, की तिथंच ह्यांच्यावर ओरडले. "अहो, लोकांच्या भिंतीतली भेग रस्त्यावरून ओळखता, आणि स्वतःचं पाकीट उघडवलं नाही?" मॅडम हसायला लागल्या.

त्यानंतर रोज भिंतीशी उभं राहून बोटांनी वर चढायचं, आणि पोहोचतील तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायची. पहिली रेघ हनुवटीशी होती. दहा दिवस तिथंच अडली, मी मनातून घाबरले. मग बोटबोट चढत मार्चअखेर डोक्याच्या वर वीतभर गेली. मॅडमनी लांब दांड्याचा रोलर वापरायची परवानगी दिली. थोडं काम, मग विश्रांती.

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीआधी घर रंगवतात. यंदा राहू द्या, असं मी बजावलं होतं. दहा एप्रिलला मी कामावरून आले, तर भिंत पांढरीशुभ्र आणि रेघा सगळ्या गायब! माझं डोकंच फिरलं. "अहो, दोन महिने मी त्या रेघा..."

कपाळावर टपकन काहीतरी पडलं. वर पाहिलं. छत ओलं होतं, पार कोपऱ्यापर्यंत.

हे रोलर धरून मागं उभे, ओशाळलेले. "थेंब पडला गं," म्हणाले. "बावीस वर्षांत पहिला."

"पडू द्या," मी म्हटलं. पदरानं डोळे पुसले, थेंब पुसला नाही.