यादीबाहेरची सही

"तुमच्या वस्तीचे काकांनी तीन तुकडे केले, कळलं का?" माझ्या ताटात मोदक वाढता वाढता परागनं विचारलं. "आता नगरपालिकेत तुमच्यातलं कुणी दिसायचं नाही."

हॅम्बर्गमधल्या मराठी मंडळींचा गणपती. सगळे हसले. मीही हसलो. मोदक खाल्ला. वर तूप मागून घेतलं. हे सांगताना आजही मला माझीच किळस येते.

पराग माझ्याच गावचा, माझ्याच ऑफिसातला. त्याचे काका नगरपालिकेत सत्तेवर. आमची सगळी बौद्ध वस्ती एकाच वॉर्डात होती, म्हणून आमचा माणूस निवडून यायचा. आता नव्या वॉर्डांची रेघ वस्तीच्या मधून गेली. विहार एका वॉर्डात, नळ दुसऱ्यात, आमचं घर तिसऱ्यात. तिन्हीकडे आम्ही मूठभर.

घरी येऊन बाबांना फोन केला. बाबा नगरपालिकेचे निवृत्त सफाई कामगार. म्हणाले, "हायकोर्टात जायचं ठरलंय. सही तुझी पाहिजे. माझ्या वाकड्यातिकड्या सहीला कोण विचारतंय? तू जर्मनीतला इंजिनिअर."

खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. वकिलांनी कागद पाठवले. इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन ऐटीत सही केली.

सुनावणीच्या दिवशी कामात लक्ष लागेना. बाबांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"पोरा, समोरच्या वकिलानं मतदार यादी काढली. तुझं नावच नाही."

परदेशी गेलो म्हणून नाव कधीच कापलं होतं. मला पत्ताही नव्हता. वॉर्डाचा मतदारच नाही, मग तक्रार कसली? अर्ज फेटाळला.

"बाबा, तुम्ही सही करा. दुसरा अर्ज टाका."

"आज निवडणूक जाहीर झाली रे. वकीलसाहेब म्हणतात, आता कोर्ट हात घालत नाही."

फोन ठेवला. इथे मत नाही, तिथे नाव नाही. बाबांचं नाव मात्र यादीत होतं. त्यांनी आयुष्यात एक मतदान चुकवलं नाही. त्यांची सही आम्ही दोघांनीच कमी लेखली. परागला काय बोलू?

तरी बोललो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये, आमच्या मराठी टेबलावर, सगळ्यांसमोर.

"त्या दिवशी मी हसलो होतो. हसायला नको होतं. तुझ्या काकांनी आमची मतं मारली."

"अरे, गंमत केली होती," तो म्हणाला. मी ताट घेऊन उठलो. एवढ्यानं वॉर्डाची रेघ काही हलली नाही.

पुन्हा वॉर्ड पाडतील, तेव्हा पहिली सही बाबांची. बाबा नसले, तर यादीत नाव असलेल्या कुणाही शेजाऱ्याची. वाकडी असो, अंगठा असो. मी कागद धरायला जाईन.