मैनीच्या गेट पासवर मी सही केली नाही

‘उन्हाळी शिबिरात एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणावरून मेसच्या अन्नावर बहिष्कार टाकला. तत्कालीन वॉर्डनने तिची पाठराखण करून तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करवला. अखेर तिला घरी पाठवूनच शिबिराची शिस्त राखावी लागली.’

आमच्या कॅथलिक कॉलेजच्या स्मरणिकेत त्या शिबिराच्या कोऑर्डिनेटर साहेबांनी हे छापले आहे. तत्कालीन वॉर्डन म्हणजे मी. निवृत्त झालो आहे, मेलेलो नाही. म्हणून उत्तर देतो.

दहावीची परीक्षा दिलेल्या मुलामुलींसाठी आमचा समर प्रोग्राम मे महिन्यात बल्लारपुराजवळच्या आवारात भरत असे. पहाटे साडेपाचला घंटा आणि उन्हाआधी पीटी. मग कॅथलिक मुले चॅपलमध्ये प्रार्थनेला जात आणि बाकीची सभागृहात शांत बसत. अकरापर्यंत इंग्रजी आणि कॉम्प्युटर. त्यानंतर संध्याकाळच्या व्हॉलीबॉलपर्यंत कोणी व्हरांड्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. आमच्याकडचे ऊन शिस्त शिकवायला पुरेसे असते. शिबिर पूर्ण करणाऱ्याला अकरावीसाठी होस्टेलची जागा मिळे. अहेरीपलीकडच्या जंगलातल्या गावाहून आलेली मैनी त्या जागेसाठीच आली होती. तिच्या गावात दहावीपुढे शिकलेले कोणी नव्हते.

पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः नागपूरहून आणलेल्या आंब्यांचा आमरस होता. मैनीने वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी पन्हे नाकारले, तिसऱ्या दिवशी कैरीची डाळ. मेस सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी मी उभा असतानाच तिला विचारले.

“काऊन वो माय, आंबा आवडत नाई का तुले?”

“आवडते ना बाई. पण आमच्या गावचा पंडुम नाई झाला अजून.”

पंडुम म्हणजे नवे फळ, नवे धान्य तोंडी लावण्याआधी साऱ्या गावाने करायची पूजा. आंब्याचा पंडुम होईपर्यंत तिच्या गावातले कोणी आंबा खात नाही. गावाबाहेर असले तरी नाही. पूजेचा दिवस गाव ठरवते, कॅलेंडर नव्हे. ज्या जिल्ह्यात नोकरी केली, तिथली एवढी माहिती मला होती. साहेबांना नव्हती. त्यांनी डिसिप्लिन रजिस्टरमध्ये ‘अन्न नाकारले’ अशी नोंद केली आणि गेट पास माझ्यासमोर ठेवला. वॉर्डनची सही असल्याशिवाय शिबिरातले मूल फाटकाबाहेर जाऊ शकत नसे.

“सही करा.”

“तिने पोळ्या किती खाल्ल्या, ते विचारलेत?”

“प्रश्न पोळ्यांचा नाही, ॲटिट्यूडचा आहे.”

“मग कारणाच्या रकान्यात ॲटिट्यूड लिहा. अन्न लिहू नका.”

“प्रिन्सिपॉलकडे जाऊ.”

“चला.”

प्रिन्सिपॉल फादरांनी दोघांचे ऐकून घेतले. मी विचारले, “फादर, ईस्टरच्या आधीच्या उपवासात शुक्रवारी मी तुम्हाला मटण वाढले, तर?”

“मी खाणार नाही.”

“त्याला मेसवर बहिष्कार म्हणायचे का?”

फादर हसले. साहेब हसले नाहीत. “आणि ही मुलगी बहाणा करत असेल तर?” त्यांनी विचारले.

“तर तिच्याबरोबर माझाही गेट पास करा. त्यावर मात्र मी आनंदाने सही करीन.”

फादरांनी निर्णय दिला: तिच्या घरी विचारणा करावी, तोवर मुलगी इथेच राहील. गावात फोन लागत नव्हता. अहेरीच्या बाजाराला येणाऱ्या तिच्या काकांच्या हाती निरोप दिला. उत्तर येईना. साहेब रोज जेवणाच्या वेळी मेसच्या दारात उभे राहून तिच्या ताटाकडे पाहत. मी त्यांच्याकडे पाहत असे. मैनी मान खाली घालून वरण-भात संपवी.

वेगळ्या स्वयंपाकाचा स्मरणिकेतला आरोप मी परवा शेवंताबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “भाऊ, साठ पोरायचं एकटी करून राह्यली होती मी. वेगळं कोन रांधते? साहेबाचा काकाही आला असता तर नसतं केलं.”

समारोपाच्या सकाळी मैनीचे वडील एसटीने आले. डोक्यावर आंब्यांची टोपली होती. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, “पंडुम झाला, भाऊ. आता खाऊ द्या तिले.” मग टोपली उतरवून त्यांनी विचारले, “रागावले होते ते साहेब कोन्ते? पयला आंबा त्याईले देतो.”

शेवंताबाईंनी त्याच मेसमध्ये, त्याच पातेल्यातला रस मैनीला वाढला. तिने तीन वाट्या संपवल्या. जूनमध्ये ती होस्टेलवर राहायला आली.

चाळीस वर्षांच्या नोकरीतून मी एवढेच शिकलो, की रजिस्टर उघडण्याआधी ताट पाहावे. हे ज्यांना पटत नसेल, त्यांनी स्मरणिकेतले साहेबांच्या लेखासमोरचे पान पाहावे. तिथे समारोपाचा फोटो आहे. पहिल्या रांगेत, घरी पाठवलेली मैनी बसली आहे आणि तिच्या शेजारी कोऑर्डिनेटर साहेब. दोघांच्याही हातात आंबा आहे.