कण्हेरीची काडी

येरवड्यातल्या आमच्या तळमजल्याच्या घराला कुंपणालगत हातभर माती आहे. दुपारचं ऊन थेट तिथेच पडतं. मोगरा जळला, गुलाब दोनदा गेला, मग मी कण्हेर लावली. आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी ती बारा महिने हिरवी राहिली, फुलली. ती विषारी असते हे मला ठाऊक होतं. पण घरात लहान मूल नव्हतं.

आई गेल्यावर वडिलांना वर्ध्याजवळच्या गावाहून इकडे आणलं. त्यांना विसर पडू लागला होता. कधीकधी मला ते आपली बहीणच समजायचे.

एका सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर ते पायरीवर बसून काडी चावत होते. गावी कडुनिंबाच्या काडीनेच दात घासायची त्यांची सवय. इथे अंगणात कडुनिंब नव्हता. कण्हेरीची एक फांदी मोडलेली दिसली.

"बाबा, थुंका."

"कायले?"

मी काडी हिसकावून घेतली, चुळा भरायला लावल्या. किती वेळ चावत होते, रस गिळला का, काहीच त्यांना सांगता येईना. शेजारच्या काकांनी गाडी काढली. चावलेली काडी मी पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला. वाटेत बाबांना उलटी झाली आणि ते एकदम गप्प झाले. काकांनी गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. नाडी मंद होती, मध्येच चुकत होती. किती पोटात गेलं, असं डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी "माहीत नाही" म्हटलं. पडद्यावरचा आकडा खाली आला की परिचारिका धावत यायची आणि मी भिंतीला टेकून उभी राहायची. नागपूरहून भावाचा फोन आला.

"घरात विष लावून ठेवलं होतंस?"

मी फोन ठेवला. संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले.

"कडू होती वं," ते म्हणाले. "म्हून मले वाटलं, निंबच हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोके सावरले. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

त्याच संध्याकाळी हातमोजे घालून मी कण्हेर खणायला घेतली. मुळं खोल गेली होती, दोन दिवस लागले. धूरही वाईट, म्हणून जाळली नाही. पोत्यात भरली आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना काय आहे ते सांगितलं. बाबा खुर्चीतून बघत होते. एवढं चांगलं झाड कायले तोडून रायली, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

आता रोज सकाळी कोपऱ्यावरच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबाची काडी मी आणते. त्यांचे दात घासून होईपर्यंत त्यांच्याजवळ पायरीवर बसते.