मावशीची दहा वाक्यं

आमची मावशी एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुते. परक्या देशात, एकटी, साठीला टेकलेली. काका गेल्यावर "आमच्याकडे ये" म्हणून आम्ही मागे लागलो, पण ऐकेल ती मावशी कसली! "हातपाय चालतायत तोवर कुणाच्या दारात नाही," म्हणाली आणि विषय संपवला.

तिची जोडीदारीण इस्त्रीवाली, स्पॅनिश बोलणारी. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, समोरासमोर चालत यायचं, टोकं हातात द्यायची आणि पुन्हा मागे. दिवसाला दोनशे चादरी, दोन वर्षं, आणि मधे एक शब्द नाही, कारण एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. "नवऱ्याशी तरी याहून जास्त कुठे बोलत होते!" मावशी हसून सांगायची. मला ते हसू आवडायचं नाही.

मग धुलाईतल्या एका स्पॅनिश बोलणारीचा हात वाफेने भाजला आणि ती काय ओरडतेय तेच आसपासच्या कुणाला कळेना. साहेबांनी फर्मान काढलं: अडीअडचणीची स्पॅनिश सगळ्यांना यायला हवी, महिन्याने परीक्षा. कागदावर वर विचारणाऱ्याची दहा वाक्यं, खाली दुखणेकऱ्याची उत्तरं. परीक्षा फक्त वरच्या दहांची. मावशीने तेवढीच पाठ केली. "दुखणं त्यांचं, उत्तर त्या देतील. मी कशाला डोकं शिणवू?"

शाळेत शब्दार्थ घोकायची तशीच तिने ती घोकली, आधी स्पॅनिश, लगेच अर्थ. "दोंदे ले दुएले, कुठे दुखतंय. नो से मुएवा, हलू नका." चादरीच्या दर घडीला एक वाक्य. समोरून इस्त्रीवाली उच्चार सुधारायची. घरी एक खाट आणि एक खुर्ची. तिथे मावशी खुर्चीला विचारायची, कुठे दुखतंय. फोनवर हे ऐकून मला हसू आवरेना.

"मग खुर्ची काय म्हणाली?"

"काही नाही गं. तिनेही उत्तरं पाठ केलेली नाहीत."

त्या महिन्यात तिच्या छातीत कळा येत होत्या. मला बोलली नाही. काही झालं तर कुणाला आणि कोणत्या भाषेत सांगायचं, या धास्तीने ती खोलीचं दार नुसतं लोटून ठेवायची, कडी लावत नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं.

परीक्षेत पहिली आली. पुढच्या मंगळवारी हातातलं चादरीचं टोक सुटलं आणि मावशी मटकन खाली बसली. इस्त्रीवाली धावली. "दोंदे ले दुएले?" मावशीला ओ की ठो कळेना. हजारदा म्हटलेलं वाक्य, पण ते तिला स्वतःला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा त्या बाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मराठीत विचारलं, "कुठे दुखतंय?" चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकता ऐकता तिचेही अर्थ पाठ झाले होते.

मावशीने छातीवर हात ठेवला आणि रडत रडत सगळंच सांगून टाकलं. काका, खोली, न लावलेली कडी. इस्त्रीवालीला त्यातलं अक्षर कळलं नाही. गाडी येईपर्यंत ती मावशीचा हात धरून "हलू नका, हलू नका" म्हणत राहिली.

वेळेत नेलं म्हणून मावशी वाचली. दवाखान्यातून मला म्हणाली, "किती वर्षांनी गं कुणी विचारलं."

मी दर रविवारी तिला फोन करते. "जेवलीस का?" एवढंच विचारते. ती "हो" म्हणते, आणि मी फोन ठेवते.