पानवेलीला लागलेली मर

सासूबाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही, आणि आता त्या नाहीत म्हणून गोड बोलायची मला हौस नाही. मी पुण्याची, शेतकी कॉलेजात शिकलेली. त्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घराण्यातल्या, हैदराबादेत जामबागेच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या. मागच्या अंगणात शेवग्यावर चढवलेली त्यांची पानवेल होती. जेवणानंतरचं पान त्या कधी विकतचं खात नसत. वेलीजवळ जायचं तर चप्पल काढून, आणि महिन्याचे चार दिवस घरातल्या बाईनं त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही, अशी सक्त ताकीद. लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर हसले होते. ते त्या विसरल्या नाहीत.

गल्लीत केबल आली, आमच्या ह्यांच्या बँकेत कॉम्प्युटर आला, त्या सुमाराच्या एका पावसाळ्यात वेल पिवळी पडू लागली. खालची पानं गळाली, बुंधा काळा आणि मऊ झाला. सासूबाईंनी वेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चाळीस वर्षं काही झालं नाही हिला. तुझी सावली पडली अन् बसली बघ."

"आई, ही मर आहे. न्हाणीचं पाणी तिथं साचतंय, मुळं कुजलीत."

"हौ, पाण्याला आत्ताच अक्कल आली काय? चाळीस वर्षं तेच पाणी जायलंय."

आठवडाभरात गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं की पुण्याच्या सुनेनं विटाळ पाळला नाही, म्हणून वेल चालली. ह्यांना सांगितलं, तर हे पेपराआडून म्हणाले, "जाऊ दे ना." आमच्या संसारात हे एवढं एकच वाक्य ह्यांनी मनापासून म्हटलं असेल. मी जाऊ देणार नव्हते. वेलीवर माझी काडीची माया नव्हती. मला माझ्यावरचा आळ पुसायचा होता.

सिकंदराबादच्या एका बियाण्यांच्या दुकानात मर रोखणाऱ्या ट्रायकोडर्मा बुरशीची पुडी मिळते असं कानावर आलं होतं. जैविक औषधं करणाऱ्या कंपन्या तेव्हा नव्यानं निघत होत्या. दुकानदाराचाच त्या पुडीवर विश्वास नव्हता. "फफूंद मारने कू फफूंद डालो बोलरे कंपनीवाले. नक्को मॅडम, मोरचूद लेके जाओ." बुरशी मारायला बुरशीच घालायची, हे त्याला पटत नव्हतं. मोरचुदानं वाईट बुरशीबरोबर चांगलीही मेली असती. मी पुडीच घेतली.

तबेल्यातून जुनं शेणखत आणलं. त्यात निंबोळी पेंड आणि पुडीतली भुकटी कालवली, पाणी शिंपडलं आणि ढीग ओल्या पोत्याखाली सावलीत झाकून ठेवला. आठ-दहा दिवसांत त्यावर हिरवट बुरशीची साय धरली. मला कोण आनंद झाला! नेमकं तेव्हाच सासूबाईंनी पोतं उचललं.

"बुरशी पाळायलीस घरात? लोणच्याच्या बरण्या आहेत माझ्या!"

"ही चांगली बुरशी आहे, आई. मुळं कुजवणारीला ही खाते."

"चांगली बुरशी अन् चांगला चोर, दोन्ही मी नाही बघितले. उद्या सकाळी हे गटारात गेलं पाहिजे."

दुपारी त्या देवळात गेल्या. मला त्या दिवशी कावळा शिवलेला होता, दुसरा दिवस. ह्यांना सुट्टी होती, ह्यांच्या हातून काम करून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. मुद्दाम चप्पल घालून वेलीपाशी गेले. न्हाणीच्या पाण्याला चर खणून वाट दुसरीकडे काढून दिली, कुजकी मुळं काढून टाकली आणि ते हिरवट खत दोन्ही हातांनी बुंध्याभोवती भरलं. इतकं समाधान मला त्या घरात क्वचितच मिळालं होतं. संध्याकाळी सांगितलं, की ढीग फेकून दिला.

दिवाळीपर्यंत वेलीला नवा फुटवा आला. संक्रांतीला पानं तळहाताएवढी झाली. सासूबाई आता रोज सकाळी तिला स्वतः दोन कळशा पाणी घालत आणि येईल त्याला सांगत, "देवीला नवस बोलले होते मी."

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायका जमल्या. डाळ-पन्हं झालं, प्रत्येकीच्या हातात घरच्या वेलीची दोन पानं पडली. कुणीतरी वेलीची चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, "सुनेच्या विटाळानं गेलीच होती. देवीनं राखली."

माझा तोल सुटला. "देवीनं नाही, मी राखली," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "आणि मुळांत हात घातला त्या दिवशी मी बाजूला बसलेली होते. दुसरा दिवस होता. पायात चप्पलही होती."

एकेकीनं हातातली पानं ताटात परत ठेवली. सासूबाईंचा चेहरा उतरला, आणि मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी वेलीला पाणी घालणं बंद केलं. पान खाणंही सोडलं. वेल त्यांची, मी कशाला पाणी घालू, म्हणून मीही घातलं नाही. नळ वेलीपासून चार पावलांवर होता. हैदराबादचं ऊन तापायला लागलं. पानं माना टाकायला लागली तेव्हा हे चहा पिता पिता म्हणाले, "अरे, कुणीतरी पाणी घाला तिला." आम्ही दोघी आपापल्या कामात होतो. त्या घालतील म्हणून मी रोज खिडकीतून बघायचे. दोनदा मी भरलेली बादली उचललीसुद्धा, आणि त्या बघताहेत असं दिसल्यावर फरशी धुवायला वापरली. मे महिन्यात वेल शेवग्यावरच वाळून गेली.

पुढं कुणी पाहुणी आली, की त्या सांगायच्या, "होती एक पानवेल. सुनेनं मारली." मी आत चहा गाळत असायचे. पहिल्या वेळी हाच आळ मला सोसला नव्हता. आता बाहेर जाऊन त्यांना खोटं पाडावं, असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.