तालात नसलेली टपटप

मॉरीन ट्रँटर आमच्या रेकॉर्डच्या कारखान्यात तपासनीस होती. गठ्ठ्यातली एक तबकडी उचलायची, हेडफोन लावून ऐकायची, खरखर सापडली की सगळा गठ्ठा बाजूला.

१९८१च्या फेब्रुवारीत आमच्याच भागातल्या, इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका नव्या बँडचं गाणं आलं. बास गिटार अशी उसळायची, की आम्हा पॅकिंगवाल्या बायकांचे पाय टेबलाखाली हलू लागले. शब्द मात्र नगरपालिकेच्या ओल धरलेल्या भाड्याच्या घरांबद्दल होते. मॉरीननं ते दोनदा ऐकलं आणि मशीन थांबवायला लावलं.

"कडव्यामागे टपटप येतेय."

"ओरखडा असेल," फोरमन रॉय वैतागून म्हणाला.

"ओरखडा दर फेऱ्याला नेमका वाजतो. ही मनाला येईल तेव्हा वाजतेय. आहे काय ही?"

रॉयनं बँडला फोन लावला. दुपारी गायिकाच आली. इव्हेट पिनॉक, बावीसेक वर्षांची, अंगात भावाचा कोट.

"ते पाणी आहे," ती म्हणाली. "आमच्या स्वयंपाकघराचं छत गळतं. मी तिथे टेपरेकॉर्डर ठेवला होता."

"बादलीत पडत नाहीये ते," मॉरीन म्हणाली.

"आईच्या पातेल्यात पडतं. तुम्हाला कसं कळलं?"

"आणि मधेच थांबतं का?"

"ते काही मला माहीत नाही बाई."

मॉरीननं तबकड्या पास केल्या, पण तिला चैन पडेना. शनिवारी बस पकडून ती पिनॉकांच्या घरी गेली. इव्हेटच्या आईनं चहा दिला. मॉरीन कप हातात धरून पातेल्यापाशी अर्धा तास बसली, मग उठून वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं सिंक वापरलं की गळायचं, नाहीतर नाही. सिंकखालचा पाइप सांध्यात फुटला होता.

"नगरपालिकेला चारदा कळवलं मी," म्हातारी म्हणाली. "म्हणतात, खिडक्या उघड्या ठेवा."

मॉरीननं नगरपालिकेला तबकडीसोबत पत्र पाठवलं: किती वाजता, किती थेंब, कुठल्या सांध्यातून. मे महिन्यात प्लंबर आला. पाइप बदलला, भिंतीवरची काळी बुरशी तशीच राहिली. गाणं खपाच्या यादीत सदतिसाव्या नंबरपर्यंत चढलं आणि उतरलं.

तुला ते आवडलं का, असं मी तिला एकदा विचारलं.

"शब्द खरे आहेत," ती म्हणाली. "तपासून आलेय मी."